एक्स१, जीएलए की क्यू३? साठ लाखांचा हिशेब मागच्या सीटपासून

ताई, तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: बाणेरला राहता, दवाखाना घरापासून सात-आठ किलोमीटरवर, गाडी रोज तुम्हीच चालवता. घरात नवरा, सासू-सासरे आणि दहावीतली मुलगी. महिन्यातून एकदा सगळे मिळून सांगलीकडे गावी जाता. वर्षाचं रनिंग बारा हजारांच्या आसपास आणि ऑन-रोड साठ लाखांची तयारी. तुम्हाला बीएमडब्ल्यू एक्स१ आवडली, नवऱ्याचं मन मर्सिडीजच्या जीएलएवर आहे, ऑडी क्यू३ची टेस्ट ड्राइव्ह झाली आहे आणि गावाकडचे दीर म्हणतात, एवढ्या पैशात सरळ फॉर्च्युनर घ्या.

आधी दीरांचं घेऊ, कारण ते वाटतं तितकं चुकीचं बोलत नाहीत. शेतावर जाणं, वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर आणि आठ-दहा वर्षांनी विकताना बऱ्यापैकी पैसे परत, असं गणित असेल तर फॉर्च्युनरला तोड नाही. २.८ लिटरचं डिझेल, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, आणि तालुक्याच्या गावातही हात लावायला मेकॅनिक मिळतो. पण तो ट्रकसारखा शिडीच्या चॅसिसवरचा सांगाडा आहे. चढताना पायरीवर पाय ठेवून अंग वर खेचावं लागतं, आणि खराब रस्त्यावर मागच्या सीटवरचा माणूस डावीकडून उजवीकडे हलत राहतो. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्हीच लिहिलंय. शिवाय रोज बाणेर ते दवाखाना एवढ्यासाठी ती गाडी बेसमेंटमधून काढायची म्हणजे शिक्षाच. तेव्हा दीरांना चहा पाजा आणि पुढे चला.

आता तुमच्या तीन गाड्या. शोरूमवाले फीचर्सची यादी पुढे करतात आणि आपण तिथेच अडकतो. पॅनोरमिक सनरूफ तिन्हींत आहे, इलेक्ट्रिक सीट आहेत, मोठे स्क्रीन आहेत, रंगीत दिवे आहेत. खरं सांगायचं तर फीचर्स मोजायचीच असतील तर पंचवीस लाखांची महिंद्राची एसयूव्हीही या तिघींना लाजवेल. पुढच्या गाडीशी अंतर राखून आपोआप वेग कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल, लेनमध्ये धरून ठेवणारं स्टिअरिंग, हवा खेळणाऱ्या सीट्स या गोष्टी आता क्रेटाच्या वरच्या मॉडेलातही मिळतात. या तीन जर्मन गाड्यांत मात्र त्या भारतातल्या व्हेरिएंटमध्ये आहेत का, हे एकेक करून लेखी विचारावं लागतं. युरोपातल्या व्हिडिओत दिसलं म्हणजे पुण्यात मिळेल असं नाही. क्यू३ तर या बाबतीत चांगलीच कंजूष आहे. तुम्ही जे जास्तीचे पंचवीस-तीस लाख मोजताय ते दार बंद होतानाचा आवाज, शंभरच्या वेगातली शांतता, ब्रेकचा विश्वास आणि बॉनेटवरचं चिन्ह यांचे आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि दोन गोष्टी बघायला लावतो: मागे कोण बसणार, आणि पाच वर्षांत किती पैसे जाणार. तुमच्या बाबतीत या दोन प्रश्नांतच उत्तर आहे, आणि ते तुमच्या यादीत नसलेल्या चौथ्या गाडीपाशी जातं. तिच्याकडे येतोच.

मागची सीट. तुमच्या घरी मागे तिघं बसणार: सासू, सासरे आणि मधे मुलगी. पुढची सीट आधी तुमच्या नवऱ्याच्या उंचीला लावा, मग मागे बसा. सेल्समन डेमो गाडीतली पुढची सीट नेहमी पुढे सरकवून ठेवतो, म्हणजे मागे जागाच जागा दिसते. सासूबाईंना सोबत न्या आणि चढ-उतार तीनदा करायला लावा. एकदा चढताना कुणालाच त्रास होत नाही, तिसऱ्यांदा हात आपोआप दाराची चौकट शोधतो. दार किती अंशात उघडतं, उंबरा किती रुंद आहे, पाय आत घेताना टाच अडकते का, हे बघा. बसल्यावर मांडीखाली तळहात घालून पाहा. हात सहज आत गेला तर मांड्यांना आधार नाही, आणि सांगलीपर्यंतच्या चार-पाच तासांत कंबर बोलायला लागणार.

या परीक्षेत सध्याची एक्स१ पुढे आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतात आलेली ही तिसरी पिढी. पहिली एक्स१, २०१०ची, मागच्या चाकांना ताकद देणारी बुटकी गाडी होती. दुसऱ्या पिढीपासून बीएमडब्ल्यूने पुढच्या चाकांचा ढाचा घेतला. तेव्हा गाडीवेड्या मंडळींनी नाकं मुरडली, पण इंजिन आडवं बसल्यामुळे आतली जागा वाढली ती वाढलीच. आता लांबी साडेचार मीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६९२ मिलिमीटर, छत सरळ मागे जातं आणि तिघं जण खांद्याला खांदा न घासता बसतात.

क्यू३ जरा वेगळी. तिची मागची सीट पुढे-मागे १५ सेंटिमीटर सरकते आणि पाठही कलते. डिकी ५३० लिटरची, तिघींत सगळ्यात मोठी. गावाहून येताना तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या आणि सासूबाईंची ती कधीच न संपणारी पिशव्यांची माळ हिच्यातच मावेल. पण ही क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधोमध असल्यामुळे मधल्या माणसाच्या पायाशी मोठा उंचवटा आहे. तिथे तुमची मुलगी बसणार. ती उंच होतेय. दोघांसाठी क्यू३ची मागची सीट छान आहे, तिघांसाठी तडजोड आहे.

जीएलए मागे सगळ्यात लहान वाटते. २०२१ला आलेल्या दुसऱ्या पिढीची उंची आधीपेक्षा दहा सेंटिमीटरहून अधिक वाढली. त्यामुळे पहिल्या जीएलएत शिरताना डोकं आपटायचं तो प्रकार गेला. तरी खिडकीची रेघ वर चढत जाते, मागची काच छोटी आहे आणि वयस्कर माणसाला आत कोंडल्यासारखं होतं. पुढच्या दोन सीट मात्र उत्तम. मर्सिडीजला पुढच्या सीट कशा बनवायच्या ते कळतं. घरात नवरा-बायको दोघंच असतील, किंवा मागे लहान मूल असेल, तर जीएलएला मी कधीच नाही म्हणत नाही.

आता इंजिन, आणि इथे थोडा वेळ घालवू या. पेट्रोल एक्स१ला दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे: १३६ पीएस (अश्वशक्ती), २३० न्यूटन मीटर. कागदावर ठीक वाटतं. बाणेर रोडच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभे राहा, इंजिन आपोआप बंद होण्याची सोय बटण दाबून काढून टाका आणि स्टिअरिंगवर हलके हात ठेवा. बारीक थरथर लागते. काहींना ती जाणवतही नाही, काहींना पन्नास लाखांच्या गाडीत ती सहन होत नाही. तुम्ही कुठल्या गटात ते तुम्हीच ठरवायचं. शून्य ते शंभर ९.२ सेकंद म्हणतात. शहरात पुरेसं आहे, पाच माणसं आणि सामान भरून खंबाटकी चढताना मात्र गिअर खाली टाकून आवाज करावा लागतो.

जीएलए २००चं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मर्सिडीजने रेनॉसोबत मिळून बनवलेलं आहे. यावरून टोमणे मारणारे खूप. मारू द्या. चार सिलिंडर आहेत, १६३ पीएस, २७० न्यूटन मीटर, आणि एक्स१पेक्षा गुळगुळीत चालतं. पण खरी जीएलए म्हणजे २२०डी: दोन लिटर डिझेल, १९० पीएस, ४०० न्यूटन मीटर आणि चारही चाकांची ४मॅटिक. किंमत मात्र तुमच्या साठ लाखांच्या बाहेर उडी मारते. ३१ जानेवारी २०२४ला फेसलिफ्ट, म्हणजे थोडे बदल केलेली आवृत्ती, आली तेव्हाच जीएलए २००ची एक्स-शोरूम ५० लाख ५० हजार आणि २२०डी एएमजी लाइनची ५६ लाख ९० हजार होती. वर रस्ता कर आणि विमा धरा.

चालवायला तिघींत सरस क्यू३च. दोन लिटरचं टीएफएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस, ३२० न्यूटन मीटर, शंभर गाठायला ७.३ सेकंद. पावसाळ्यात आंबा घाटात किंवा वरंध्यात क्वाट्रोचा भरवसा वेगळाच असतो. एसीचा गारवा कमी-जास्त करायला गोल खटके आहेत, रस्त्यावरची नजर न हलवता हात बरोबर जागी जातो. एक्स१मध्ये हे सगळं स्क्रीनमध्ये घातलंय. स्क्रीन हाताळायची आयड्राइव्हची ती प्रसिद्ध गोल चकतीही काढून टाकली. बीएमडब्ल्यूने हे का केलं मला अजून पटलेलं नाही. दवाखान्यातून निघताना घाईत एसी वाढवायचा असेल तेव्हा तुम्हालाही आठवण होईल. जीएलएत निदान खटक्यांची एक रांग शिल्लक आहे, आणि २०२४च्या फेसलिफ्टपासून चारी बाजूंचा कॅमेराही.

क्यू३ची अडचण तिच्या वयात आहे. भारतात ऑगस्ट २०२२मध्ये आली तेव्हाच ही पिढी युरोपात जुनी झाली होती, आणि जून २०२५मध्ये ऑडीने पुढची पिढी जगाला दाखवलीसुद्धा. शोरूममध्ये उभी असलेली कुठली आणि कुठल्या महिन्यात बनलेली, हे आधी विचारा. जुनी पिढी असेल तर ती वाईट गाडी नाही, पण मग सवलत भरपूर हवी. आणखी एक गोष्ट डीलर तुम्हाला सांगणार नाही: याच कुळातलं दोन लिटर इंजिन, याच घराण्याचा ढाचा आणि छत्रपती संभाजीनगरचाच कारखाना वापरून स्कोडा कोडिॲक बनते. एप्रिल २०२५मध्ये नवी कोडिॲक आली ती ४६ लाख ८९ हजारांपासून, सात सीट, २०४ पीएस आणि चार चाकांची ताकद घेऊन. ऑडीच्या चार गोल कड्यांचा मोह नसेल तर क्यू३ घेणाऱ्याने ती बघितल्याशिवाय चेक फाडू नये. तुम्हाला एवढी मोठी गाडी बेसमेंटमध्ये फिरवायची आहे का, हा प्रश्न उरतोच.

बेसमेंटवरून आठवलं. तिन्हींत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण मुंगीच्या वेगात उतारावर त्याची परीक्षा होते. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या चकाचक रस्त्यावर करू नका. गाडी तुमच्या सोसायटीत मागवा. बेसमेंटच्या रॅम्पवर अर्ध्यात थांबा आणि रिव्हर्समध्ये चढ चढवा. गाडी आधी किंचित खाली येऊन मग झटका देऊन वर जाते का, की ॲक्सिलरेटरला पायाचा स्पर्श होताच सरळ निघते, हे तिथेच कळतं. रोज संध्याकाळी तुम्हाला तेच करायचं आहे. मग सोसायटीबाहेरचे दोन गतिरोधक, चारही सीटवर माणसं बसवून, पंचवीसच्या वेगात. खाली घासतं का, मागे दणका बसतो का, हे बसलेल्यांना विचारा, चालवणाऱ्याला नाही.

टायरकडेही लक्ष द्या. साइडवॉलवर २३५/५५ आर १८ असं काही लिहिलेलं असतं. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के एवढी रबराची भिंत, सुमारे १२९ मिलिमीटर. तेच २३५/४५ आर १९ असेल तर भिंत उरते १०६ मिलिमीटर. फोटोत मोठी रिम देखणी दिसते, पावसाळ्यात कात्रजच्या पुढच्या खड्ड्यात तोच टायर फुगतो आणि एक टायर वीस-पंचवीस हजारांच्या खाली येत नाही. एकाच गाडीत चाकाच्या दोन मापांचा पर्याय असेल तर डोळे झाकून लहान रिम घ्या. डिकीची चटई उचलून स्टेपनी आहे की नुसती पंक्चरची बाटली, तेही बघा. साताऱ्याच्या पुढे रात्री नऊला साइडवॉल फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. त्याआधी दीड लिटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवर एकूण ४५ टक्के आणि दोन लिटरच्या मोठ्या एसयूव्हींवर ५० टक्के होते. म्हणजे क्यू३ किंवा २२०डी यांना जास्त दिलासा मिळाला, एक्स१ पेट्रोल आणि जीएलए २००ला कमी. तुमच्याकडे त्याआधीचं कोटेशन असेल तर फेकून द्या आणि नवं घ्या. विद्युत गाड्यांवर मात्र आधीही ५ टक्के होता, आताही ५च.

त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर. वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. ५० लाखांच्या पेट्रोलला साडेसहा लाख, ५२ लाखांच्या डिझेलला ७ लाख ८० हजार. नवरा म्हणतोय तशी कंपनीच्या नावावर घेतली तर हा दर २० टक्क्यांवर जातो, आणि गाडीवरच्या जीएसटीचा परतावाही मिळत नाही. घसाऱ्याची वजावट मिळते हे खरं, पण सीएला दोन्ही बाजू मांडायला सांगा, नुसती वजावट नको. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, तो तुमच्या आयकरात वळता होतो, त्याची चिंता नको.

डिझेल घ्यावं का, हे तुम्ही विचारलंय. बारा हजार किलोमीटरचा हिशेब करू. पेट्रोल गाडी शहर-हायवे मिळून ११चं मायलेज देईल असं धरा. वर्षाला १,१०० लिटरच्या आत-बाहेर, १०५च्या भावाने एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. डिझेल १५ देईल, ८०० लिटर, ९१ने ७३ हजार. वर्षाला वाचले चाळीस हजार. गाडीची किंमत दोन लाख जास्त आणि रस्ता कर सव्वा लाखाहून जास्त, म्हणजे फरक भरून निघायला आठ वर्षं. शिवाय तुमचं रोजचं जाणं सात-आठ किलोमीटरचं. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला जाळून साफ करायला वीस-पंचवीस मिनिटं सलग, जरा वेगात धावणं मागतो. बाणेरच्या गर्दीत ते होत नाही. मग दिवा लागतो, मग सर्व्हिस सेंटर. ओपीडीची वेळ झालेली असताना डॉक्टरांना द्रुतगती मार्गावर चक्कर मारून या म्हणून सांगणारे सर्व्हिस ॲडव्हायझर मी पाहिले आहेत. तुमच्या वापराला डिझेल नको.

आणि इथेच चौथी गाडी. बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी या वाहन प्रदर्शनात आयएक्स१ची, म्हणजे विजेवरच्या एक्स१ची, लांब (लाँग व्हीलबेस) आवृत्ती आणली, चेन्नईत बनवलेली, ४९ लाखांना. एक्स१चंच अंग, पण दोन चाकांमधलं अंतर २८०० मिलिमीटर, म्हणजे साध्या एक्स१पेक्षा जवळजवळ अकरा सेंटिमीटर जास्त, आणि ते सगळं मागच्या पायांच्या वाट्याला आलंय. २०४ हॉर्सपॉवर, थरथर नाही, गिअरचा झटका नाही, रॅम्पवर रिव्हर्स म्हणजे लोणी. महाराष्ट्रात विद्युत गाडीला रस्ता कर माफ आहे. पन्नास लाखांच्या आसपासची पेट्रोल एक्स१ रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख कर भरते, ही भरत नाही. म्हणजे जास्त जागेची, जास्त ताकदीची गाडी ऑन-रोड स्वस्त पडते. शिवाय राज्याने २०२५मध्ये अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विद्युत गाड्यांना टोलमाफीचा निर्णय घेतलाय. कराचे नियम बदलत राहतात, तेव्हा बुकिंगच्या आठवड्यात आरटीओचा आकडा नव्याने काढून घ्या.

तुमची भीती मला माहीत आहे: सांगलीला पोचू का? बॅटरी ६६.४ किलोवॉट-अवरची, म्हणजे तेवढ्याच युनिटची, कंपनी ५३१ किलोमीटर सांगते. तो चाचणीतला आकडा. एसी, पाच माणसं आणि हायवेचा वेग धरून मी कुणालाही पावणेचारशेच्या पुढचा भरवसा देत नाही. पुणे ते सांगली सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. जाताना काहीच प्रश्न नाही. गावी रात्रभर १५ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर लावली तर दहा तासांत पंचवीसेक युनिट आत जातात, म्हणजे दीडशे किलोमीटर. परतीला तेवढं बास. कमी पडलं तर या रस्त्यावर फास्ट चार्जर आहेत, चहा-वडापाव होईपर्यंत काम होतं.

एक अट मात्र आहे, आणि ती बहुतेकांना गावी पोचल्यावर कळते. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं. गाडीचा चार्जर ते तपासतो आणि पटलं नाही तर चार्जिंग सुरूच करत नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तीन-चार व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-पंधरा दाखवत असेल तर अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा करून घ्या. काही हजारांचं काम आहे. घराच्या मोटारीलाही त्याचा फायदाच. बाणेरच्या सोसायटीत तुमच्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र मीटरवरून केबल येते का, याचं उत्तर कमिटीकडून लेखी घ्या, आणि ते बुकिंगच्या आधी. हे जमलं तर बारा हजार किलोमीटरला विजेचे पंचवीस-तीस हजार पुरतात. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर.

उणं काय? विद्युत गाड्यांचा भाव पुढे काय राहील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, नवी बॅटरी आली की जुनी गाडी पडते. तुम्ही गाडी सात-आठ वर्षं ठेवणाऱ्या असाल तर याचा फार विचार करू नका. तीन वर्षांनी बदलणाऱ्या असाल तर कंपनीची ठरलेल्या किमतीला परत घेण्याची योजना घ्या, किंवा पेट्रोलकडेच राहा. बॅटरी गाडीच्या तळात असल्यामुळे मागे पाय ठेवायची जागा किंचित उंच येते, तेव्हा मांडीखाली तळहात घालायची परीक्षा इथेही करा. व्होल्वोची छोटी ईएक्स३० ही याच बजेटमधली दुसरी विद्युत गाडी, पण तिची मागची सीट तुमच्या कामाची नाही, तिथे वेळ घालवू नका.

तेव्हा माझं मत: पार्किंगला चार्जर बसत असेल तर आयएक्स१ लाँग व्हीलबेस. बसत नसेल तर पेट्रोल एक्स१, तिची थरथर आणि घाटातला आळस आधी अंगावर घेऊन बघून. मुलगी पुढच्या दोन वर्षांत शिकायला बाहेर जाणार असेल आणि मागे दोघंच उरणार असतील, तर क्यू३ किंवा कोडिॲक पुन्हा शर्यतीत येते. जीएलए तुमच्या घराला लहान आहे.

नवऱ्याचं काय? चाकणला बनते, पुण्याची गाडी आहे, आणि तो तारा लग्नाच्या हॉलसमोर उतरताना जे काम करतो ते दुसरं कुठलंच चिन्ह करत नाही, हे मी नाकारत नाही. दवाखान्याच्या दारात पेशंटच्या नजरेत त्याचं मोल असेलही. एक उपाय सांगतो. त्यांना शनिवारी जीएलएच्या मागच्या सीटवर मधे बसवा आणि वडिलांना एका बाजूला, आईला दुसऱ्या बाजूला. बाणेर ते खेड शिवापूर टोलनाका आणि परत. वाद मिटेल.

सर्व्हिसिंगचं थोडं. मर्सिडीज तीन वर्षांची वॉरंटी देते, बीएमडब्ल्यू दोन, दोन्ही किलोमीटरच्या मर्यादेशिवाय. वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज गाडी घेतानाच घासाघीस करून घ्या. तेव्हा डीलरला सवलत द्यायची असते, दोन वर्षांनी नसते. विम्यात झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर), पेट्रोल गाडी असेल तर इंजिन प्रोटेक्ट, आयएक्स१ असेल तर बॅटरी आणि चार्जर धरणारं कव्हर, टायर कव्हर आणि पहिली तीन वर्षं रिटर्न टु इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाची रक्कम परत) एवढं हवंच. नेहमीच्या नियमाने पाचवं वर्ष संपता संपता गाडीची विमाधरलेली किंमत निम्म्यावर येते. विमा डीलरकडूनच घ्या असा आग्रह होईल, बाहेरचं कोटेशन हातात ठेवूनच बोला.

बिलात ‘हँडलिंग’, ‘एसेन्शियल किट’, ‘लॉजिस्टिक’ अशा नावाने काही दिसलं तर ते काय आहे विचारा आणि काढायला लावा, बहुतेक निघतं. डिलिव्हरी घेण्याआधी गाडी यार्डात, दिवसाउजेडी, धुतलेली आणि कोरडी बघा. फुलांचा हार आणि मोठी किल्ली नंतर. चेसिस नंबर बिलाशी ताडून घ्या. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर, असले तर, एकाच सुमाराचे हवेत. गाडी मार्चची आणि एक टायर मागच्या वर्षातला असेल तर तो बदलला कधी आणि का, याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.